गाडीतला आवाज कुठे विभागायचा: ॲम्पच्या आधी की नंतर?

गाडीत नवे स्पीकर बसवायला निघालेल्या माणसाला दोन सल्ले हमखास मिळतात. एक जण सांगतो, ‘कंपोनंट सेटसोबत (वूफर आणि ट्विटर वेगवेगळे असलेल्या स्पीकरसंचासोबत) क्रॉसओव्हरचे जे डबे येतात तेच लावा, बाकी भानगडीत पडू नका.’ दुसरा सांगतो, ‘ते डबे काढून ठेवा, सगळं ॲक्टिव्ह करा, डीएसपी (डिजिटल सिग्नल प्रोसेसर) घ्या.’ दोघंही ठामपणे बोलतात आणि दोघांच्याही बोलण्यात तथ्य असतं. पण कोणत्या गाडीला कोणता सल्ला लागू पडतो हे ठरवायचं, तर क्रॉसओव्हर नेमकं काय करतो आणि तो ॲम्प्लिफायरच्या आधी बसवला की नंतर, याने काय काय बदलतं ते समजून घ्यावं लागतं. सारा फरक त्या एका जागेतून निघतो.

मुळात आवाज विभागावा का लागतो? माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं. २० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी सतरा मीटर, तर २०,००० हर्ट्झच्या लहरीची पावणेदोन सेंटिमीटरही भरत नाही. एवढा पल्ला स्पीकरच्या एका पडद्याला झेपत नाही. खालच्या सुरांसाठी पडदा मोठा हवा आणि तो भरपूर मागेपुढे हलायला हवा. वरच्या सुरांसाठी तो हलका आणि लहान हवा.

दारातला साडेसहा इंची वूफर, म्हणजे खालचे सूर वाजवणारा स्पीकर, घ्या. त्याच्या हलणाऱ्या पडद्याची रुंदी असते साधारण १३ सेंटिमीटर, आणि २,६०० हर्ट्झच्या लहरीची लांबीही जवळपास तेवढीच. त्याच्या वर गेलं की या पडद्यातून निघणारा आवाज चहूकडे पसरायचा थांबतो आणि समोरच्या दिशेला एकवटू लागतो. आता गाडीत हा स्पीकर दाराच्या तळाशी, तुमच्या पोटरीकडे तोंड करून बसलेला असतो. म्हणजे त्याच्यातून वरचे सूर निघाले तरी ते पायाशीच राहतात, कानापर्यंत धड येत नाहीत.

ट्विटरची, म्हणजे वरचे सूर वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरची, अडचण उलटी. त्याचा घुमट एक इंची किंवा त्याहून लहान, आणि हलायला जागा मिलिमीटरच्या अंशाएवढी. तेवढ्याच जोराचा आवाज काढायचा असेल, तर फ्रिक्वेन्सी निम्मी झाली की पडद्याला चौपट हलावं लागतं. चार हजार हर्ट्झवर आरामात वाजणाऱ्या ट्विटरला एक हजारावर तेवढंच जोरात वाजवायचं म्हटलं, तर हालचाल सोळापट लागेल. ती तो करू शकत नाही. आधी आवाज फाटतो, मग पडद्याला हलवणारी कॉइल जळते. म्हणून ट्विटरला खालचे सूर द्यायचे नाहीत, वूफरला फार वरचे द्यायचे नाहीत, आणि डिकीत सबवूफर असेल तर दारातल्या वूफरचंही खालचं ओझं काढून घ्यायचं. या वाटपाचं नाव क्रॉसओव्हर.

हे वाटप करताना मध्ये भिंत उभी करता येत नाही, फक्त उतार देता येतो. ‘३,००० ला कट केलंय’ याचा अर्थ ३,००० च्या खालचं सगळं बंद झालं असा नाही. तिथून आवाज उतरायला लागतो, आणि किती झपाट्याने उतरतो ते ‘दर सप्तकाला इतके डेसिबल’ असं सांगतात. सप्तक तेच, मध्य षड्जापासून तार षड्जापर्यंतचं, फ्रिक्वेन्सी दुप्पट होईपर्यंतचं अंतर. उतार ६, १२, १८ किंवा २४ डेसिबलचे असतात. १२ चा उतार म्हणजे ३,००० ला कट केलेला ट्विटर १,५०० वर साधारण १२ डेसिबल खाली आणि ७५० वर २४ डेसिबल खाली.

मघाचा चौपटीचा हिशेब इथे कामाला येतो. ६ डेसिबलचा उतार दर सप्तकाला व्होल्टेज निम्मं करतो, पण पडद्याची हालचाल तर चौपटीने वाढत असते. दोन्ही मिळून ती दुप्पट होतच राहते. १२ च्या उताराला ती जेमतेम स्थिर राहते. १८ किंवा २४ ला कुठे ती खऱ्या अर्थाने कमी व्हायला लागते. स्वस्तातल्या कोॲक्सियल, म्हणजे वूफरच्या मधोमधच ट्विटर बसवलेल्या, स्पीकरमध्ये ट्विटरच्या पाठीला एकच छोटा कपॅसिटर चिकटवलेला असतो, म्हणजे ६ चा उतार. आवाज वाढवला की हे ट्विटर का किंचाळतात, त्याचं मोठं कारण हेच.

डबा उघडून पाहा

कंपोनंट सेटसोबत येणारा पॅसिव्ह क्रॉसओव्हर ॲम्पच्या नंतर बसतो. ॲम्पमधून निघालेला पूर्ण ताकदीचा सिग्नल डब्यात शिरतो आणि दोन वाटांनी बाहेर पडतो, एक वूफरकडे आणि एक ट्विटरकडे. डब्याला स्वतःची वीज लागत नाही, म्हणून तो पॅसिव्ह.

चार स्क्रू काढून झाकण उघडलंत तर आत तांब्याच्या तारेची एक-दोन वेटोळी दिसतील. त्या कॉइल, म्हणजे इंडक्टर. चांगल्या डब्यात दोन कॉइल एकमेकींशी काटकोनात बसवलेल्या असतात, एक आडवी आणि एक उभी, कारण शेजारी-शेजारी समांतर ठेवल्या तर एकीचं चुंबकीय क्षेत्र दुसरीत शिरतं आणि वाटपात गोंधळ होतो. शेजारी चौकोनी किंवा गोळीसारखे कपॅसिटर, पांढऱ्या सिमेंटचा लांबट रेझिस्टर, आणि बऱ्याचदा ट्विटरच्या वाटेवर एक पातळ चकती किंवा चक्क एक छोटा बल्ब. करंट जास्त झाला की ती चकती किंवा बल्ब तापतो, त्याचा रोध वाढतो आणि ट्विटर वाचतो. एका कोपऱ्यात जंपर असतो: ०, उणे ३, कधी अधिक ३. ट्विटरचा आवाज कमीजास्त करायची तेवढीच सोय.

काम कसं चालतं ते दोन वाक्यांत सांगता येतं. कपॅसिटर वरच्या फ्रिक्वेन्सीला सहज सोडतो आणि खालच्या अडवतो, म्हणून तो ट्विटरच्या वाटेवर. कॉइल खालच्या सोडते आणि वरच्या अडवते, म्हणून ती वूफरच्या वाटेवर. ४ ओहमच्या ट्विटरला १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला की ४,००० हर्ट्झच्या आसपास कट मिळतो.

पण त्या हिशेबातला ‘४ ओहम’ हा शब्द नीट पाहायला हवा, कारण पॅसिव्ह क्रॉसओव्हरचं सगळं दुखणं तिथेच आहे. तोच १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ८ ओहमच्या ट्विटरला लावला तर कट ४,००० वरून थेट २,००० वर येतो. जुना ट्विटर गेला म्हणून दुकानातून ‘दिसायला सारखा’ दुसरा आणून त्याच डब्याला जोडला, आणि तो महिन्याभरात गेला, अशा तक्रारींमागे बरेचदा हे असतं. डबा त्याच्या सेटमधल्या स्पीकरसाठीच बेतलेला असतो.

आणि ‘४ ओहमचा स्पीकर’ तरी सगळीकडे ४ ओहमचा कुठे असतो? साडेसहा इंची वूफर त्याच्या नैसर्गिक कंपनाच्या ठिकाणी, साठ-सत्तर हर्ट्झच्या आसपास, वीस ओहमच्याही वर जाऊ शकतो. पुढे तो उतरतो आणि वरच्या फ्रिक्वेन्सीला त्याच्या स्वतःच्या कॉइलच्या इंडक्टन्समुळे पुन्हा चढत जातो. चांगले उत्पादक हा चढ सपाट करण्यासाठी डब्यात एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर जास्तीचे घालतात, त्याला झोबेल म्हणतात. तरी तापमानाचं काय? तांब्याचा रोध दर अंशाला जवळपास ०.४ टक्क्यांनी वाढतो. तासभर जोरात वाजवून स्पीकरची कॉइल शंभर अंशांनी तापली, तर रोध चाळीसेक टक्क्यांनी चढलेला असतो. ज्या आकड्यावर डबा बेतला होता, तो आकडाच आता तिथे नाही.

शिवाय नुकसान. कॉइल म्हणजे लांबलचक तार, तिला स्वतःचा रोध असतोच. ४ ओहमच्या वूफरच्या वाटेवर अर्ध्या ओहमची कॉइल आली की सुमारे एक डेसिबल तिथेच गेला. ट्विटरचा आवाज उणे ३ वर ठेवला, तर त्याच्या वाट्याची बरीचशी ताकद त्या पांढऱ्या रेझिस्टरमध्ये उष्णता होऊन जाते.

हे सगळं ३,०००-४,००० हर्ट्झवर निभावून जातं. ८० हर्ट्झवर मात्र पॅसिव्हचं गणितच कोलमडतं. ४ ओहमच्या सबवूफरला ८० वर कट करायचं तर साधारण ८ मिलिहेन्रीची कॉइल लागते, १२ चा उतार हवा असेल तर ती आणखी मोठी. समोरच्या स्पीकरना खालून कट करायला ५०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लागतो. सबचा करंट पेलणारी तेवढी मोठी कॉइल म्हणजे तांब्याचा जड गोळा, महाग, आणि तिचा रोध इतका की सबवरची ॲम्पची पकड ढिली पडते. म्हणून सबवूफरला पॅसिव्ह डबा आता कुणी लावत नाही. ज्या गाडीत सब आहे आणि ॲम्पवर ‘एलपीएफ’ (लो पास फिल्टर, फक्त खालचे सूर पुढे सोडणारा) लिहिलेला खुंटा फिरवून ८० वर ठेवलेला आहे, त्या गाडीत ॲक्टिव्ह क्रॉसओव्हर आधीच चालू आहे. मालकाला कुणी तसं सांगितलेलं नसतं, एवढंच.

ॲम्पच्या आधी विभागलं की

ॲक्टिव्ह क्रॉसओव्हर सिग्नल लहान असतानाच विभागतो, हेडयुनिटमधून, म्हणजे डॅशबोर्डवरच्या म्युझिक सिस्टिममधून, निघाल्यावर आणि ॲम्पमध्ये मोठा होण्याआधी. मग प्रत्येक भागाला स्वतःचं ॲम्प चॅनल आणि प्रत्येक चॅनलला थेट जोडलेला एकच स्पीकर. मधे ना कॉइल, ना कपॅसिटर. स्पीकर ४ ओहमचा असो वा ८, गार असो वा तापलेला, कट होता तिथेच राहतो, कारण वाटप करणाऱ्या सर्किटला स्पीकर दिसतच नाही.

किंमत चॅनलमध्ये मोजावी लागते. समोर दोन वूफर आणि दोन ट्विटर असतील तर पॅसिव्हला दोन चॅनल पुरतात, ॲक्टिव्हला चार लागतात. सबचं आणखी एक. समोर मिडरेंजही (मधले सूर वाजवणारा स्पीकर) असेल तर सहा अधिक एक. त्याबरोबर जास्त तारा, दारातून ओढायच्या जास्त वायरी, आणि चूक करायला जास्त जागा.

ॲक्टिव्ह म्हणजे डीएसपीच असं नाही. साध्या ॲम्पवर खुंट्यांचे क्रॉसओव्हर असतात ते ॲक्टिव्हच, फक्त ट्विटरच्या कामाचे नसतात. बहुतेकांची मजल ५०० हर्ट्झपर्यंत संपते. काहींवर दहापटीची कळ असते, ती दाबली की तोच खुंटा ५,००० पर्यंत जातो. ‘फोर चॅनल ॲम्प आहे, ॲक्टिव्ह करू’ असं ठरवण्याआधी ही कळ आहे का ते पाहावं. काही हेडयुनिटमध्येही ही सोय असते. पायोनिअरच्या डीईएच-८०पीआरएस या जाणकारांत गाजलेल्या युनिटच्या अंगावरच एक छोटी कळ होती. ती ‘नेटवर्क’वर सरकवली की पुढचं आउटपुट ट्विटरचं, मागचं वूफरचं आणि तिसरं सबचं होऊन जायचं.

ॲक्टिव्हचा एक फायदा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि दुकानात त्याबद्दल कुणी बोलत नाही. एकच ॲम्प चॅनल वूफर आणि ट्विटर दोघांनाही वाजवत असताना ढोलाचा मोठा ठोका आला आणि ॲम्पची क्षमता संपली, तर लहरीचं डोकं कापलं जातं. त्या क्षणी जे काही वाजत होतं ते सगळंच कापलं जातं, ढोलासोबत गायिकेचा आवाजही. शिवाय कापलेल्या लहरीतून वरच्या फ्रिक्वेन्सीचा खरखरीत कचरा तयार होतो आणि डबा तो इमानदारीने ट्विटरकडे पाठवतो. ॲक्टिव्हमध्ये तोच ठोका फक्त वूफरचं चॅनल कापतो. कचरा तिथेही होतो, पण तो वूफरकडे जातो आणि वूफरला ते वरचे सूर धड काढताच येत नाहीत. ट्विटरचं चॅनल स्वच्छ. कानाला हे ‘गाडी मोठ्या आवाजातही शांत वाटते’ असं जाणवतं.

याच कारणाने वॉटचा हिशेबही बदलतो. ५० वॉटचं चॅनल ४ ओहमवर शिखराला २० व्होल्टपर्यंत जातं. वूफरची आणि ट्विटरची शिखरं एकाच क्षणी आली, तर एका चॅनलने दोन्ही वाजवण्यासाठी ४० व्होल्ट लागतील, आणि ४० व्होल्टचं शिखर म्हणजे २०० वॉटचा ॲम्प. ५० वॉटचे दोन चॅनल ते काम करून जातात. हेडयुनिटवर ‘५० वॉट गुणिले ४’ असं छापलेलं असतं, त्यावर मात्र हा हिशेब मांडू नये. १४.४ व्होल्टवर ४ ओहमला स्वच्छ लहर द्यायची तर सैद्धांतिक मर्यादाच २६ वॉटच्या आत येते, आणि हाती त्याहून कमी पडतात.

मोजपट्टी घेऊन सीटवर बसा

घरात दोन स्पीकरच्या बरोबर मधे बसता येतं. गाडीत नाही. आपल्याकडच्या उजव्या हाताच्या गाडीत चालक उजव्या स्पीकरना खेटून असतो. समजा आरशाच्या कोपऱ्यातला उजवा ट्विटर कानापासून ८० सेंटिमीटरवर आहे आणि दारातला उजवा वूफर १०० वर. डावीकडे ट्विटर १२५ वर, वूफर १४० वर. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४.५ सेंटिमीटर जातो. म्हणजे डावा ट्विटर उजव्याच्या मागून १.३ मिलिसेकंदांनी पोचतो. ऐकायला एवढासा वेळ, पण मेंदूला तेवढा पुरतो. गायक डॅशबोर्डच्या मधे उभा राहायच्या ऐवजी उजव्या आरशाला चिकटून गायला लागतो.

डाव्या-उजव्या बाजूंमधला हा फरक भरून काढायची सोय काही हेडयुनिटमध्ये असते आणि ती पॅसिव्ह डब्यांसोबतही चालते. जवळच्या बाजूला थोडं थांबवायचं, झालं. खरी अडचण एकाच बाजूच्या आत आहे. उजवा वूफर उजव्या ट्विटरपेक्षा २० सेंटिमीटर लांब. ३,००० हर्ट्झच्या लहरीची लांबी साडेअकरा सेंटिमीटर. म्हणजे ज्या ठिकाणी दोघं मिळून वाजायला हवेत, तिथेच वूफर पावणेदोन लहरींनी मागे. डावीकडे तोच फरक १५ सेंटिमीटर, म्हणजे सव्वा लहरीच्या थोडा पुढे. दोन्ही बाजूंचा बिघाड वेगवेगळा. अर्ध्या लहरीचा फरक पडला तर दोन्ही स्पीकर एकमेकांना खोडून काढतात आणि आवाजात खड्डा पडतो. तोही अशा पट्ट्यात, जिथे कान सगळ्यात तल्लख असतो आणि गाण्यातल्या शब्दांची स्पष्टता ठरते.

पॅसिव्ह डब्यात एकाच तारेतून दोघांना सिग्नल मिळतो, त्यामुळे ट्विटरला थांबवायचं तर वूफरही थांबतो. डीएसपीमध्ये प्रत्येक स्पीकरचा विलंब वेगळा देता येतो. ४८ किलोहर्ट्झवर चालणाऱ्या डीएसपीची एक पायरी म्हणजे सात मिलिमीटर, एवढी बारीक. तबल्याचा एक ‘धा’ घ्या. त्यात डग्ग्याचा घुमारा खाली आणि दायाँच्या चाटीचा टणत्कार वर. गाडीत हा एक बोल सब, वूफर आणि ट्विटर अशा तिघांत वाटला जातो. तिघं वेगवेगळ्या वेळी पोचले तर ठोका पसरट लागतो. विलंब जुळवले की तो एका जागी, एका हाताचा वाटतो. ज्याने हा फरक एकदा ऐकला आहे त्याला ॲक्टिव्ह कशासाठी, हे वेगळं सांगावं लागत नाही. आणि हा फरक क्रॉसओव्हरपेक्षाही विलंबाचा आहे. ॲक्टिव्हमुळे तो शक्य होतो.

उताराचा आकारही इथे मोकळा मिळतो. १९७६ साली सिगफ्रीड लिंकविट्झ यांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. ते आणि त्यांचे सहकारी रस रायली हे दोघेही ह्यूलेट-पॅकार्डमध्ये मापनयंत्रं घडवणारे अभियंते. त्यांनी मांडलेल्या उतारात क्रॉसओव्हरच्या बिंदूवर दोन्ही स्पीकर ६-६ डेसिबल खाली असतात आणि एका चालीत हलतात, त्यामुळे बेरीज सपाट येते. डीएसपीच्या यादीत ‘एलआर २४’ दिसतं ते हेच, एल लिंकविट्झचा आणि आर रायलीचा. पॅसिव्हमध्ये २४ चा उतार करायचा तर दोन्ही वाटांवर मिळून आठ भाग लागतात, प्रत्येकाचं नुकसान आणि फरक वेगळा. डीएसपीत ती यादीतली एक ओळ आहे. १२ चा उतार निवडला तर मात्र एक लक्षात ठेवायचं: त्यात दोन्ही बाजू अर्ध्या लहरीने उलट होतात, म्हणून ट्विटरची अधिक-उणे वायर उलटवावी लागते. अनुभवी कारागीर ट्विटर ‘उलटा’ जोडतो ते बरेचदा याच कारणासाठी.

मग डबे फेकायचे का?

नाही. कंपोनंट सेटच्या डब्यामागे कुणीतरी त्या विशिष्ट वूफर-ट्विटरवर मोजमाप करून केलेलं काम असतं. कुठे कट करायचं, कुठे एखादा उंचवटा दाबायचा, ट्विटरला कसं वाचवायचं, हे सगळं त्यात शिरलेलं असतं. तो डबा काढून टाकला की ते सगळं काम तुमच्यावर येतं. माइक न लावता, अंदाजाने ३,००० आणि २४ असे आकडे टाकून सोडलेली ॲक्टिव्ह सिस्टिम चांगल्या पॅसिव्हपेक्षा वाईट वाजते, हे मी ठामपणे सांगेन. यादीत बारा आकडे भरण्याची सोय असणं आणि ते बरोबर भरलेले असणं, यात बराच पल्ला आहे.

ज्यांना गाडी सुरू करून गाणी ऐकायची आहेत त्यांच्यासाठी माझं मत असं: समोर चांगला कंपोनंट सेट त्याच्याच डब्यांसह, डिकीत एक सब, आणि दोघांमध्ये ८० हर्ट्झला ॲक्टिव्ह कट. सबला ८० च्या खालचं, समोरच्यांना वरचं. दारातल्या वूफरला ६०-७० हर्ट्झ काढायच्या धडपडीतून सोडवलं की तो लगेच मोकळा वाजतो. ८० च्या खालच्या आवाजाची दिशा कानाला फारशी कळत नाही, त्यामुळे सब मागे असला तरी चालतं. शिवाय बंद गाडीत अगदी खालच्या सुरांना केबिनच हात देते. अडीच मीटर लांबीच्या केबिनमध्ये साधारण ७० हर्ट्झच्या खाली आवाज आपोआप वाढत जातो. आणि जे पैसे वाचले ते दारांच्या डॅम्पिंगवर, म्हणजे पत्र्याची थरथर दाबणाऱ्या अस्तरावर, घालावेत. पत्रा थरथरत असेल आणि दाराची भोकं उघडी असतील, तर स्पीकरचा मागचा आवाज पुढच्याला खातो. त्यावर कोणताच क्रॉसओव्हर उपाय करत नाही.

ज्यांना सुट्टीच्या सकाळी सीटवर लॅपटॉप घेऊन बसायला आवडतं, त्यांनी जरूर ॲक्टिव्हकडे जावं. रूम ईक्यू विझार्ड हे मापनाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, यूएसबीवर चालणारा मोजमापाचा माइक हवा, आणि शिकायची चिकाटी. कंपनीचा टचस्क्रीन काढता येत नसेल तर स्पीकरच्या वायरीवरून सिग्नल घेणारा डीएसपी मिळतो, कपलर लावून मूळ वायरिंग न कापता. फक्त वरच्या मॉडेलमध्ये कंपनीचाच वेगळा ॲम्प असेल तर सावध राहा. तो आतच सिग्नल विभागून देतो, ट्विटरच्या वायरीवर फक्त वरचे सूर असतात. अशा वेळी ट्विटर आणि वूफर दोघांच्याही वायरी घेऊन डीएसपीत पुन्हा बेरीज करावी लागते, मगच नव्याने विभागता येतं.

ॲक्टिव्ह पहिल्यांदा सुरू करताना सगळ्यात मोठा धोका ट्विटरला. डब्यातला कपॅसिटर आता मधे नाही. चुकून वूफरचं चॅनल ट्विटरला जोडलं गेलं, किंवा डीएसपी रीसेट होऊन कट उडाले, तर एका ठोक्यात ट्विटर जातो. म्हणून त्याच्या अधिकच्या वायरीत एक संरक्षक कपॅसिटर घालावा. ४ ओहमला ४७ मायक्रोफॅरडचा घातला तर त्याचा कट ८५० हर्ट्झच्या जवळ येतो, ३,५०० च्या ॲक्टिव्ह कटपेक्षा दोन सप्तकं खाली. वाटपात तो फारशी लुडबूड करत नाही, पण ॲम्प सुरू होतानाचा धप्प आवाज आणि खालचे सूर अडवतो. कपॅसिटर अधिक-उण्याच्या खुणेचा नको, बिनध्रुवी हवा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तपकीर गल्लीत ‘नॉन पोलर’ म्हणून मागा.

त्यानंतरही ट्विटर लगेच जोडू नका. त्या चॅनलला आधी एखादा जुना स्पीकर लावून अगदी हळू आवाजात ऐका. त्यातून फक्त सळसळ आणि झांजा ऐकू आल्या पाहिजेत. ढोल ऐकू आला तर कुठेतरी चुकलंय. मग ट्विटर जोडा, कट त्याच्या नैसर्गिक कंपनाच्या किमान दुप्पट ठेवा, अंतरं मोजून विलंब भरा, पातळ्या जुळवा.

शेवटी प्रत्येक बाजूचा वूफर आणि ट्विटर वेगळा तपासा. डावी बाजू बंद करून उजवीवर पिंक नॉइज (चाचणीसाठीचा सलग खळखळाट) लावा, माइक कानाच्या जागी धरा आणि डीएसपीमध्ये ट्विटरची पोलॅरिटी (अधिक-उणे) उलटवा. सगळं जुळलेलं असेल तर कटच्या आसपास आलेखात खोल, अरुंद खड्डा पडतो. खड्डा उथळ किंवा सरकलेला असेल तर ट्विटरचा विलंब एकेक पायरीने पुढेमागे करत तो जास्तीत जास्त खोल होईपर्यंत जा. तिथे पोचलात की पोलॅरिटी परत सरळ करा. खड्डा भरून आलेख सपाट झालेला दिसेल. मग हेच डाव्या बाजूला करा. तिथला आकडा वेगळा येईल, आणि तो वेगळाच यायला हवा.